सी प्रोग्राम अडला? आधी बघा, तक्रार कोण करतंय

पहिल्या वर्षाच्या मुलांना सी शिकवताना एक दृश्य मला दर वर्षी दिसतं. स्क्रीनवर 'अनडिफाइन्ड रेफरन्स' असं काहीतरी आलेलं असतं आणि मुलगी प्रोग्रामच्या पहिल्या ओळीपासून सेमीकोलन तपासत बसलेली असते. सगळे सेमीकोलन जागेवर असतात, कंसही जुळलेले असतात. दहा मिनिटं जातात, मग अर्धा तास जातो आणि शेवटी 'सी मला जमतच नाही' असं वाटायला लागतं. खरं तर तिचा कोड कंपायलरने केव्हाच पास केलेला असतो. तक्रार लिंकरची असते, आणि लिंकरने तिची सी फाइल उघडूनही पाहिलेली नसते.

म्हणून या लेखात मी एकाच सवयीवर भर देणार आहे. एरर आली की 'काय चुकलं?' हे नंतर विचारायचं. आधी विचारायचं, 'हे कोण बोलतंय?'

सोबत एक छोटा प्रोग्राम घेऊ. पाच विषयांचे गुण वाचायचे, सरासरी काढायची आणि प्रमाण विचलन काढायचं. फाइली तीन: मेन.सी, गुण.सी आणि गुण.एच. कोडचे शब्द इथे आपण बोलतो तसे देवनागरीत लिहिलेत, टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरं वापरा.

पायरी १ : आवाज ओळखा

तुमच्या फाइलपासून चालणाऱ्या प्रोग्रामपर्यंत काम टप्प्याटप्प्याने होतं. प्रीप्रोसेसर हेडर फाइली आत ओततो. कंपायलर प्रत्येक सी फाइल स्वतंत्रपणे तपासून तिची ऑब्जेक्ट फाइल, म्हणजे मशीनच्या भाषेतली अर्धवट प्रत, तयार करायला देतो. लिंकर सगळ्या ऑब्जेक्ट फाइली आणि लायब्ररी जोडून एक प्रोग्राम बनवतो. मग ऑपरेटिंग सिस्टीम तो चालवते.

कंपायलर बोलतो तेव्हा फाइलचं नाव, ओळ क्रमांक आणि बहुतेक वेळा त्या ओळीतली जागासुद्धा सांगतो. लिंकरचे ठरलेले शब्द आहेत: 'अनडिफाइन्ड रेफरन्स टू' अमुक, 'मल्टिपल डेफिनिशन ऑफ' तमुक, किंवा 'कॅनॉट फाइंड' आणि पुढे लायब्ररीचं नाव. त्याच्या बोलण्याच्या शेवटी 'कलेक्ट२: एरर: एलडी रिटर्न्ड १ एक्झिट स्टेटस' ही ओळ असते. यातला 'एलडी' म्हणजेच लिंकर. लहान एल मोठ्या आयसारखा दिसतो, त्यामुळे बरीच मुलं 'आयडी रिटर्न्ड' असं वाचतात आणि तेच शोधत बसतात. ही ओळ फक्त 'लिंकर अयशस्वी झाला' एवढंच सांगते. कारण तिच्या वरच्या ओळींत असतं, ते वाचा.

तिसरा आवाज ऑपरेटिंग सिस्टीमचा. प्रोग्राम तयार झाला, सुरूही झाला आणि 'सेग्मेंटेशन फॉल्ट' म्हणत मेला. म्हणजे तुमच्या नसलेल्या मेमरीला तुम्ही हात लावलात. इथे संशय पॉइंटरवर, म्हणजे मेमरीतला पत्ता साठवणाऱ्या व्हेरिएबलवर घ्यायचा.

आणि कधीकधी कुणीच बोलत नाही, फक्त उत्तर चुकतं. तो प्रकार सगळ्यात त्रासाचा.

पायरी २ : कंपायलरला जास्त बोलू द्या

जीसीसी हा कंपायलर नुसता चालवला तर तो बऱ्याच गोष्टी मनात ठेवतो. त्याला दोन ऑप्शन रोज द्या: 'डॅश डब्ल्यू ऑल' आणि 'डॅश डब्ल्यू एक्स्ट्रा', दोन्हींत डब्ल्यू कॅपिटल. तिसरा 'डॅश जी', म्हणजे डीबगरला (चुका शोधायच्या साधनाला) ओळ क्रमांक कळतात. डॅश जीचा एक फायदा फारसा कुणी सांगत नाही. तो दिलेला असला की लिंकरची तक्रारसुद्धा ओळ क्रमांकासह येते. नाहीतर 'डॉट टेक्स्ट अधिक' असा न कळणारा आकडा दिसतो.

वॉर्निंग ही एरर नाही म्हणून सोडून देऊ नका. पॉइंटरच्या निम्म्याअधिक चुका वॉर्निंगमध्ये आधीच सांगितलेल्या असतात, हा माझा अनुभव आहे. आणि वाचताना नेहमी पहिल्या एररपासून सुरुवात करा. एका हुकलेल्या कंसामुळे खाली वीस ओळी येतात आणि पहिली दुरुस्त केली की बाकीच्या आपोआप जातात.

पायरी ३ : लिंकरची भाषा

सीमध्ये एखाद्या फंक्शनबद्दल दोन गोष्टी असतात. डिक्लेरेशन म्हणजे 'या नावाचं फंक्शन आहे, ते हे घेतं आणि हे परत देतं' अशी नुसती माहिती. डेफिनिशन म्हणजे महिरपी कंसातला खरा कोड. कंपायलरला पहिली गोष्ट पुरते. दुसरी शोधायची जबाबदारी लिंकरची. हेडर फाइलमध्ये साधारणपणे फक्त पहिली असते, त्यामुळे हेडर इन्क्लूड केलं म्हणजे फंक्शन आलं, हा समज आजच काढून टाका.

आपल्या प्रोग्रामवर बघू. मेन.सीमध्ये गुण.एच इन्क्लूड केलंय, 'सरासरी'ला कॉल केलाय आणि कंपाइल करताना दिलीय फक्त मेन.सी. कंपायलर खूश, लिंकर म्हणतो 'अनडिफाइन्ड रेफरन्स टू सरासरी'. बरोबरच आहे, सरासरीचा कोड गुण.सीमध्ये आहे आणि ती फाइल आपण त्याला दिलीच नाही. एकाच कमांडमध्ये दोन्ही सी फाइली द्या, काम होतं. कोडब्लॉक्ससारख्या आयडीईत (कोड लिहायच्या आणि चालवायच्या सॉफ्टवेअरमध्ये) हेच वेगळ्या रूपात येतं: फाइल फोल्डरमध्ये आहे, पण प्रोजेक्टमध्ये जोडलेली नाही.

दोन्ही फाइली देऊनही तीच एरर आली, तर नाव अक्षर अक्षर ताडून बघा. सीला लहान आणि कॅपिटल अक्षरं वेगळी वाटतात. डोळ्यांवर विश्वास ठेवू नका. 'डॅश सी' देऊन गुण.सीची नुसती ऑब्जेक्ट फाइल बनवा आणि तिच्यावर 'एनएम' ही कमांड चालवा. नावांची यादी येते आणि प्रत्येक नावाच्या अलीकडे एक अक्षर असतं. कॅपिटल टी असेल तर फंक्शनचा कोड या फाइलमध्ये आहे. कॅपिटल यू असेल तर या फाइलला ते नाव हवंय, पण इथे ते नाही. लहान टी असेल तर कोड आहे, पण 'स्टॅटिक' लिहिल्यामुळे बाहेरच्या फाइलींना तो दिसणार नाही. मेनच्या यादीत यू, गुणच्या यादीत टी आणि दोन्हीकडे स्पेलिंग तंतोतंत एक, असं असेल तरच जोडणी होते. ही यादी एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली की लिंकरची भीती कायमची जाते. प्रत्येक नवशिक्याला मी ती पहिल्याच आठवड्यात दाखवतो.

आता प्रमाण विचलनासाठी वर्गमूळ हवं. मॅथ.एच इन्क्लूड केलं, 'एसक्यूआरटी' वापरलं आणि लिनक्सवर पुन्हा 'अनडिफाइन्ड रेफरन्स'. लिनक्सवर गणिताची फंक्शन्स वेगळ्या लायब्ररीत असतात, ती मागायला कमांडच्या शेवटी 'डॅश एल एम' लिहायचं. दोन्ही अक्षरं लहान, मध्ये जागा नाही. शेवटीच लिहायचं, कारण लिंकर डावीकडून उजवीकडे वाचत जातो. लायब्ररी आधी आली तर तिची गरज कुणाला आहे हे त्याला अजून माहीतच नसतं, आणि तो तिला सोडून पुढे जाऊ शकतो. मिनजीडब्ल्यूमध्ये, म्हणजे विंडोजवरच्या जीसीसीमध्ये, हे लागत नाही. त्यामुळे घरी चाललेला प्रोग्राम लॅबमधल्या लिनक्सवर अडतो आणि मुलं गोंधळतात. अजून एक चकवा: एसक्यूआरटीमध्ये थेट १६.० असा आकडा दिला तर डॅश एल एमशिवायही चालतं, कारण जीसीसी ते उत्तर कंपाइल करतानाच काढून ठेवतो. आकड्याच्या जागी व्हेरिएबल आलं की लायब्ररी लागते.

'मल्टिपल डेफिनिशन' ही उलट बाजूची तक्रार, म्हणजे एकाच नावाचे दोन मालक. समजा तुम्ही गुण.एचमध्ये 'इंट एकूण;' असं ग्लोबल व्हेरिएबल लिहिलंत. हेडर दोन्ही सी फाइलींत ओतलं गेलं, म्हणून 'एकूण' दोन ठिकाणी तयार झालं. जीसीसीच्या जुन्या आवृत्त्या हे चुपचाप एकत्र करायच्या. २०२० साली आलेल्या १० व्या आवृत्तीपासून ते थांबलं, त्यामुळे जुनी, वर्षानुवर्षं चाललेली असाइनमेंट नव्या मशिनवर अचानक अडते. इलाज: हेडरमध्ये 'एक्सटर्न इंट एकूण;' आणि कुठल्याही एकाच सी फाइलमध्ये 'इंट एकूण = ०;'. इथे 'पण मी इफ-एनडेफचा गार्ड लावलाय की' असं हमखास ऐकू येतं. तो गार्ड एका सी फाइलमध्ये हेडर दोनदा येऊ देत नाही. दोन वेगळ्या सी फाइलींवर त्याचा काहीही परिणाम नाही. याचंच भावंड म्हणजे एका सी फाइलमध्ये दुसरी सी फाइल इन्क्लूड करणं आणि वर दोन्ही कंपाइल करणं. ते करू नका.

'अनडिफाइन्ड रेफरन्स टू मेन' आलं तर मेनचं स्पेलिंग बघा, आणि फाइल सेव्ह केलीय का तेही बघा. विंडोजवर मेन सापडलं नाही की बहुधा 'विनमेन' हे नाव दिसतं. ते तुम्ही कधी लिहिलंच नव्हतं, तरी अर्थ तोच. 'कॅनॉट ओपन आउटपुट फाइल' आणि पुढे 'परमिशन डिनाइड' आलं तर प्रोग्रामची आधीची खिडकी अजून उघडी आहे. ती बंद करा.

टर्बो सी वरून येणाऱ्यांसाठी

आपल्याकडे अनेकांनी सी टर्बो या डॉसवरच्या जुन्या कंपायलरच्या निळ्या स्क्रीनवर शिकलेलं असतं. तिथली लिंकर एरर 'अनडिफाइन्ड सिम्बॉल' अशी असते आणि नावाआधी एक अंडरस्कोर असतो. तो कंपायलरने लावलेला असतो, तुमची टायपिंगची चूक नव्हे. ग्राफिक्सचा प्रोग्राम लिहिताना 'इनिटग्राफ'साठी ही एरर आली की सर ऑप्शन्स, लिंकर, लायब्ररीज असं जाऊन ग्राफिक्स लायब्ररीवर खूण करायला सांगायचे, आठवतंय? तेव्हा आपण तो मंत्र समजून केला. तिथे घडत होतं ते इतकंच, की हेडर होतं पण कोडची लायब्ररी जोडलेली नव्हती. लिनक्सवरचा डॅश एल एम म्हणजे तीच खूण.

कोनिओ.एच, क्लिअरस्क्रीनचं 'सीएलआरएससीआर' आणि 'गेटसीएच' या सीच्या प्रमाणित गोष्टी नाहीत. लिनक्सवर ते हेडरच मिळत नाही, म्हणून प्रीप्रोसेसरच थांबतो. त्या ओळी काढून टाका. आणि 'टर्बोमध्ये तर चालत होतं' या वाक्याला पॉइंटरच्या बाबतीत फार किंमत देऊ नका. डॉसमध्ये मेमरीला राखण नव्हती. चुकीच्या पत्त्यावर लिहिलं तरी प्रोग्राम पुढे चालायचा, फार तर शेवटी 'नल पॉइंटर असाइनमेंट' असा एक संदेश यायचा. चूक तेव्हाही होतीच.

पायरी ४ : नाव जुळलं, पण फंक्शन तेच का?

ही चूक नीट समजून घ्या, कारण हिच्यात तिन्ही टप्पे गुंतलेत. सीचा लिंकर फक्त नावं जुळवतो. फंक्शन काय घेतं, काय परत देतं, हे तो बघत नाही.

समजा गुण.सीमध्ये 'नाव_वाच' नावाचं फंक्शन आहे, ते कॅर पॉइंटर परत देतं. मेन.सीमध्ये तुम्ही गुण.एच इन्क्लूड करायला विसरलात. जुना जीसीसी फक्त 'इम्प्लिसिट डिक्लेरेशन' अशी वॉर्निंग देतो आणि हे फंक्शन इंट परत देतं असं गृहीत धरतो. लिंकरला नाव सापडतं, तो खूश. आता ६४ बिटच्या मशिनवर पॉइंटर ८ बाइट्सचा आणि इंट ४ बाइट्सचा. पत्त्याचा वरचा अर्धा भाग कापला जातो, उरलेल्या अर्ध्या पत्त्यावर प्रोग्राम जातो आणि सेग्मेंटेशन फॉल्ट. तुम्ही नाव_वाचमधली प्रत्येक ओळ तपासता आणि तिथे काहीच चूक नसते. फंक्शन डबल परत देत असेल तर प्रोग्राम मरत नाही, नुसता भलताच आकडा छापतो.

सी भाषेच्या १९९९ च्या प्रमाणित नियमांतून ही गृहीत धरण्याची सवलत काढली गेली होती, पण जीसीसीने ती वॉर्निंगवर निभावून नेली. २०२४ च्या १४ व्या आवृत्तीपासून ती थेट एरर आहे. कॉलेजच्या मशिनवर बहुधा जुनी आवृत्ती असेल, म्हणून नियम लावून घ्या: प्रत्येक सी फाइलने, अगदी गुण.सीनेसुद्धा, गुण.एच इन्क्लूड करायचंच. म्हणजे हेडरमधली माहिती आणि प्रत्यक्ष कोड यांत फरक पडला तर कंपायलर लगेच 'कॉन्फ्लिक्टिंग टाइप्स' म्हणून पकडतो.

पायरी ५ : पॉइंटर

सीमध्ये फंक्शनला जे देता त्याची प्रत जाते. सातबाऱ्याच्या झेरॉक्सवर कुणी कितीही खाडाखोड केली तरी तलाठ्याकडच्या नोंदीत फरक पडत नाही, तसंच. 'अदलाबदल(अ, ब)' असं लिहून आत कितीही अदलाबदल केली तरी मेनमधले अ आणि ब जागच्या जागी. मूळ नोंद बदलायची तर नोंद कुठे आहे तो पत्ता द्यावा लागतो: 'अदलाबदल(&अ, &ब)', आणि आत *क, *ख वापरायचं.

इथवर बहुतेकांना कळतं. पुढचं निसटतं: पॉइंटर दिला तरी त्या पॉइंटरचीही झेरॉक्सच जाते. फंक्शनमध्ये इंट *पी घेतला आणि आत पी = मॅलॉक(...) करून नवी जागा मागितली, तर मेनमधला पी पूर्वीसारखाच राहतो आणि घेतलेली जागा हरवते. एक तर नवा पॉइंटर रिटर्न करा, नाहीतर पॉइंटरचा पत्ता पाठवा. सुरुवातीला पहिला मार्ग घ्या, तो वाचायला सोपा आहे.

आता आपल्या प्रोग्रामकडे. गुण आहेत ६२, ७१, ८०, ५५ आणि ९०. बेरीज ३५८, सरासरी ७१.६ यायला हवी. प्रोग्राम ६६.५ दाखवतो. कुणाचीही एरर नाही. सरासरी फंक्शनमध्ये विषयांची संख्या काढायला 'साइझऑफ(गुण) / साइझऑफ(गुण[०])' लिहिलंय. मेनमध्ये हे ५ देतं, कारण तिथे गुण ही खरी अॅरे आहे. फंक्शनमध्ये मात्र अॅरे पोचत नाही, तिच्या पहिल्या घराचा पत्ता पोचतो. पॉइंटर ८ बाइट्स, इंट ४ बाइट्स, भागाकार २. म्हणजे फक्त ६२ आणि ७१ ची सरासरी झाली! डॅश डब्ल्यू ऑल दिलं असतं तर जीसीसीने ही ओळ दाखवली असती. अॅरेबरोबर तिची संख्या वेगळी पाठवा. तुमच्याकडे ६६.५ ऐवजी ६६ आणि दुरुस्तीनंतर नेमकं ७१ आलं, तर तो पॉइंटरचा दोष नाही. इंटला इंटने भागलं की दशांश जातो, एका बाजूला डबलमध्ये बदलून घ्या.

दुसरी नेहमीची जागा स्कॅनएफ. 'स्कॅनएफ(..., गुण[आय])' लिहिलं की स्कॅनएफ त्या घरातल्या कचऱ्यालाच पत्ता समजून तिथे लिहायला जातो. &गुण[आय] हवं. स्ट्रिंग वाचताना & का नाही? कारण कॅर अॅरेचं नाव तिथे स्वतःच पत्ता होऊन जातं. हे कारण माहीत असलं की '& कधी लावायचा' हे पाठ करावं लागत नाही. डबल वाचायचा तर टक्क्यानंतर एल एफ लिहा, नुसता एफ फ्लोटसाठी आहे.

फंक्शनच्या आत 'कॅर नाव[४०]' केलं आणि तेच रिटर्न केलं, तर फंक्शन संपताच ती जागा सोडलेली असते. लॉज सोडल्यावर खोली नंबर लक्षात असला तरी तिथे आता दुसरंच कुणी उतरलेलं असतं. जीसीसी 'फंक्शन रिटर्न्स अॅड्रेस ऑफ लोकल व्हेरिएबल' सांगतो, ऐका त्याचं. कॉल करणाऱ्याकडूनच अॅरे आणि तिचा आकार मागून घ्या. मॅलॉक वापरणार असाल तर ती जागा फ्री (परत) कोण करणार, हे फंक्शनच्या वर कमेंटमध्ये लिहा.

बाकीच्या भराभर. 'इंट *पी, क्यू;' मध्ये फक्त पी पॉइंटर आहे. दोन स्ट्रिंग == ने तुलना केल्या तर पत्ते ताडले जातात, मजकूर नाही; एसटीआरसीएमपी वापरा. 'कॅर *गाव = "पुणे";' लिहून गाव[०] बदलायला गेलात तर लिनक्सवर प्रोग्राम मरतो, कारण तो मजकूर फक्त वाचण्यापुरत्या जागेत असतो; बदलायचा असेल तर गाव[] अशी अॅरे घ्या. पॉइंटर जाहीर करताना पत्ता हाताशी नसेल तर त्यात नल घाला. नलवर पाय पडला तर प्रोग्राम तिथेच थांबतो आणि चूक सापडते. कचऱ्याचा पत्ता मात्र दोन दिवस बरोबर चालून व्हायवाच्या दिवशी दगा देतो.

पायरी ६ : मेलेला प्रोग्राम तपासणं

सेग्मेंटेशन फॉल्ट आला की प्रिंटएफ पेरत बसण्याआधी लिनक्सवर 'डॅश एफसॅनिटाइझ बरोबर अॅड्रेस' हा ऑप्शन ('बरोबर'च्या जागी = चिन्ह) देऊन पुन्हा कंपाइल करा, डॅश जीसह. पाच घरांच्या अॅरेत लूप 'आय <= ५' पर्यंत नेलं असेल तर साध्या कंपाइलमध्ये ते कदाचित चालून जाईल. इथे 'स्टॅक बफर ओव्हरफ्लो' असं लिहून नेमकी ओळ दाखवली जाते.

ते जमत नसेल तर जीडीबी हा डीबगर. प्रोग्राम त्यात उघडा, 'रन' लिहा, मरू द्या, मग 'बीटी' लिहा. फंक्शन्सची एक शिडी दिसते. सगळ्यात वर स्कॅनएफच्या आतली अनोळखी, अंडरस्कोरने सुरू होणारी नावं असतील. त्यांना घाबरू नका, सी लायब्ररीत चूक असण्याची शक्यता जवळजवळ नसते. खाली उतरत या आणि पहिली ओळ शोधा जिच्यात तुमच्या फाइलचं नाव आहे, समजा मेन.सी, ओळ ९. 'फ्रेम' आणि त्या पायरीचा आकडा देऊन तिथे जा, 'प्रिंट' लिहून पॉइंटरची किंमत बघा. शून्य दिसलं तर तो नल आहे, कुणीतरी पत्ता भरायचं विसरलंय. लहानसा आकडा, म्हणजे ५ किंवा ७१ दिसला, तर पत्त्याच्या जागी किंमत गेलीय, म्हणजे & राहिलाय. मोठा, विचित्र आकडा असेल तर तो पॉइंटर भरलाच नव्हता किंवा त्याची जागा आधीच फ्री झालीय. मग त्याच पॉइंटरचं नाव घेऊन फाइलमध्ये वरच्या दिशेने वाचत जा, जिथे त्याला शेवटचा पत्ता दिलाय त्या ओळीपर्यंत.